भिंत उघडताना रुंदी मागे ठेवा, आधी दोन उंच्या ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्वयंपाकघर आणि फॅमिली रूम यांच्यामध्ये 3.6 मीटर लांबीची भिंत आहे, तिच्या एका टोकाला 80 सेंमीचं दार. छत 2.8 मीटरवर. काम करताना मुलांवर नजर राहावी, बोलणं व्हावं, उजेड यावा म्हणून ती भिंत उघडायची आहे. घरातले काही जण म्हणतात, अख्खी पाडा. काही म्हणतात, पसारा आणि वास बाहेर नको. मग कमान, खिडकी, काउंटर, सरकती काच यांतलं काय करावं?

या भिंतीवरून घराघरांत जे वाद होतात ते बहुतेक रुंदीवर होतात. पाच फूट की आठ फूट. मी मात्र आधी दोन उंच्या विचारते: उघडलेल्या भागाची खालची कड जमिनीपासून किती वर, आणि वरची कड छतापासून किती खाली. खालच्या कडेवर पसारा दिसतो की लपतो ते ठरतं. वरच्या कडेवर धूर आणि वाफ कुठे जाते ते ठरतं. तुमच्या घरातले दोन्ही पक्ष नेमके या दोनच गोष्टींवर भांडताहेत, पण बोलताहेत रुंदीबद्दल.

खालची कड आधी घेऊ. सोफ्यावर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 105 ते 115 सेंमीवर असतात, उभ्या माणसाचे 150 ते 165. ओटा बहुतेक घरांत 85 ते 90 सेंमीचा. समजा सोफा भिंतीपासून 3 मीटरवर आहे आणि डोळे 110 वर. ओट्याच्याच पातळीला, म्हणजे 90 सेंमीवर भिंत कापली, तर नजरेची रेष 3 मीटरमध्ये 20 सेंमी उतरते आणि पुढेही उतरतच जाते. तीन मीटर खोल स्वयंपाकघरात समोरच्या बाजूच्या ओट्यापर्यंत पोचेतो ती 75 सेंमीच्या आसपास आलेली असते. म्हणजे दोन्ही ओट्यांवरचं प्रत्येक भांडं, सिंकच्या कडेचा ढीग, समोरच्या कपाटाच्या दाराचा वरचा भागसुद्धा सोफ्यावरून दिसणार.

आता तीच कड 107 सेंमीवर ठेवा. 3 मीटरमध्ये रेष फक्त 3 सेंमी उतरते, म्हणजे जवळजवळ आडवीच जाते. दोन्ही ओट्यांवरच्या 15-17 सेंमी उंचीपर्यंतच्या वस्तू गायब. दिसतो तो काम करणाऱ्याचा चेहरा, खांदे, हात. उभं राहून 3 मीटरवरून पाहणाऱ्यालाही भिंतीलगतच्या ओट्यावरच्या 5 ते 8 सेंमी उंचीपर्यंतच्या वस्तू दिसत नाहीत. ताटल्या, चमचे, सुऱ्या, चिरलेल्याचा कचरा यातच संपतं. सतरा सेंमीच्या त्या पडदीने घरातलं अर्धं भांडण मिटलेलं मी पाहिलंय.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि तुमच्या प्रश्नात मुलं आहेत म्हणून ती सांगायलाच हवी. ओट्याशी उभं राहून फॅमिली रूमच्या फरशीकडे पाहिलं, तर कडेच्या पलीकडे एक आंधळा पट्टा पडतो. डोळे 155 सेंमीवर, ओटा 60 सेंमी खोल, कड 107 वर: भिंतीपासून सुमारे 1.3 मीटरपर्यंतची जमीन तुम्हाला दिसणार नाही. कड 90 वर असेल तर हा पट्टा 80-85 सेंमीचा होतो. रांगतं मूल असेल तर हा फरक मोठा आहे. शाळेत जाणारी मुलं असतील तर काहीच नाही, त्यांची डोकी दिसतात आणि नाही दिसली तरी आवाज येतो. (आवाज येईनासा झाला की जाऊन बघायचं, हे शास्त्र सगळ्यांना माहीत आहे.) लहान मूल असेल तर खेळायची सतरंजी भिंतीपासून दीड मीटर लांब टाकायची. दोन-तीन वर्षांच्या सोयीसाठी कड खाली आणू नका.

सध्या सगळीकडे एकाच पातळीचा लांबलचक काउंटर दाखवतात, चित्रात तो फार देखणा दिसतो. त्या चित्रात सिंक रिकामं असतं. माझा साधा नियम आहे: त्या भिंतीलगत सिंक असेल तर वरची पडदी हवीच. नुसता काम करायचा ओटा असेल आणि घरात कामाबरोबर आवरत जाणारी माणसं असतील, तर एक पातळी चालेल. आवरत जाणारी माणसं आहेत की नाहीत याचं उत्तर स्वतःला खरं द्यायचं.

आता वरची कड. ती लोक विसरतातच, कारण ती विचारात न घेता भिंत छतापर्यंत काढली की खोली मोठी वाटते. गरम धूर आणि वाफ वर जाते, छताला लागते आणि छताखालून आडवी पसरते. वाटेत काही आडवं आलं नाही तर ती मिनिटभरात शेजारच्या खोलीत असते. छतापासून 40-50 सेंमी उंचीचा भिंतीचा पट्टा वर राहू दिला तर तो उलट्या ठेवलेल्या परातीच्या काठासारखा काम करतो. धूर त्या पोकळीत साठतो आणि चिमणीला तो ओढायला वेळ मिळतो. मोठ्या इमारतींत आगीचा धूर रोखायला छतातून पडदे सोडतात, त्यांचं तत्त्व हेच.

हिशेब करून बघा. 3 बाय 3.6 मीटरच्या स्वयंपाकघरात 45 सेंमीची पोकळी म्हणजे जवळपास 4.9 घनमीटर हवा. ताशी 700 घनमीटर ओढणाऱ्या चिमणीला तेवढी हवा बाहेर काढायला 25 सेकंद लागतात. प्रत्यक्षात हवा ढवळली जाते, धूर थंड होऊन खाली येतो, त्यामुळे सगळाच धूर असा नीट सापडत नाही. तरी पट्टा असलेलं आणि नसलेलं घर यातला फरक महिन्याभरात पडद्यांच्या वासावर कळतो. तुमच्या आजच्या दारावर, ते नेहमीच्या 210 सेंमी उंचीचं असेल, तर 70 सेंमीचा असा पट्टा आहेच. आजवर वास फारसा बाहेर आला नसेल तर त्याचं थोडं श्रेय त्याला द्या.

याबाबतीत मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले. सुरुवातीच्या वर्षांत एका घरात मालकांच्या हट्टाला बळी पडून भिंत अगदी छतापर्यंत काढली. सहा महिन्यांत सोफ्याच्या कापडाला तळणाचा वास बसला आणि छतावर पिवळसर सावली धरली. पुन्हा भिंत घालणं कुणाला पटेना. शेवटी छतातून 45 सेंमीची टफन्ड काचेची पट्टी खाली सोडली. मोकळेपणा तसाच राहिला, धूर बराच अडला. काच आठवड्याला पुसावी लागते, हे आधीच सांगून ठेवते.

पट्टा म्हणजे चिमणीला पर्याय नाही. चिमणी शेगडीपेक्षा अरुंद नको, बर्नरपासून 65 ते 75 सेंमीवर हवी, आणि हवा घराबाहेर टाकणारी हवी. नुसती गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी तेलकटपणा थोडा पकडते, वाफ मात्र घरातच ठेवते. चिमणी जितकी हवा बाहेर टाकते तितकी कुठून तरी आत यावी लागते. भिंत उघडी असली की ती फॅमिली रूममधून येते, हे उघडण्याच्या बाजूचं कमी बोललं जाणारं कारण. उलट, काचेची दारं लावून घट्ट बंद केलीत आणि स्वयंपाकघराची खिडकीही बंद असेल, तर चिमणी नुसती घरघरत राहते.

गॅसबद्दल दोन ओळी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत पसरतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, वर जातो. गळती ओळखणारं यंत्र त्याप्रमाणे खाली किंवा वर लावायचं. आणि काही ठिकाणी गॅसच्या किंवा आगीच्या नियमांनुसार स्वयंपाकघर दाराने बंद करता येणं बंधनकारक असतं. पाडकामाच्या आधी ते विचारा.

पाडकामाच्या आधी आणखी एक माणूस लागतो: स्ट्रक्चरल इंजिनिअर. भिंतीवर टकटक करून "पोकळ वाजतेय, काढून टाका" म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, मग तो कितीही जुना गवंडी असो. काँक्रीटच्या खांब-तुळयांच्या इमारतीत मधल्या विटांच्या भिंती बहुधा भार घेत नाहीत, पण "बहुधा" या शब्दावर छत टेकवायचं नसतं. सगळ्या भिंतीच ओतीव काँक्रीटच्या असतील तर त्या कापायच्या नाहीतच. लाकडी सांगाड्याच्या घरात छताच्या तुळया भिंतीला आडव्या येत असतील तर भिंत भार घेत असण्याची शक्यता जास्त. जाडीवरूनही खात्री होत नाही. नऊ इंची भिंत नुसती भरावाची असू शकते, चार इंचीवर नंतर कुणी तरी काही टेकवलेलं असू शकतं.

विटांच्या भिंतीत एक गंमत असते. उघडलेल्या भागाच्या वर पुरेशी भिंत असेल तर विटा आपोआप कमानीसारख्या एकमेकींवर टेकतात आणि लिंटेलवर, म्हणजे उघड्या भागावरच्या आडव्या तुळईवर, फक्त एका त्रिकोणाएवढा भार येतो. पण 155 सेंमी रुंदीला (पुढे मी तेवढीच खिडकी सुचवणार आहे) तो त्रिकोण सुमारे 134 सेंमी उंच लागतो. तुमच्या छताखाली तेवढी भिंत उरतच नाही. त्यामुळे ही भिंत भार घेणारी निघाली, तर वरचा भार थेट लिंटेलवर येणार असं धरूनच त्याचं माप ठरवावं लागेल. भार नसलेल्या भिंतीतही वरच्या विटा धरायला लिंटेल हवंच, दोन्ही बाजूंना किमान 15 सेंमी टेकलेलं. आणि टेकू लावल्याशिवाय पहिली वीट काढायची नाही.

मग भिंतीत काय दडलंय ते बघा: वायरींचे पाइप, पाण्याची लाइन, गॅसची नळी. दाराजवळच्या स्विचबोर्डातून वायर कुठे जाते हे कुणालाच आठवत नसतं. पाडकाम सुरू झाल्यावर आठवतं.

आता तुमच्या 3.6 मीटरची विभागणी. मी असं करेन: आजचं दार 100 सेंमी रुंद करायचं. 90 ला एक माणूस हातात काही घेऊन नीट जातो, चाकाच्या खुर्चीला 80-85 सेंमी मोकळी जागा लागते, आणि दोन माणसांना न अडखळता एकमेकांना ओलांडायला 120. तुमच्याकडे दार टोकाला आहे हे उत्तम, कारण ये-जा काम करणाऱ्याच्या पाठीमागून होत नाही. दारानंतर 35 सेंमीचा भिंतीचा तुकडा. मग 155 सेंमीची खिडकी, कड 107 वर. आणि शेवटच्या टोकाला 70 सेंमीची भिंत तशीच.

तो 70 सेंमीचा तुकडा ठेवल्यावर घरमालक हमखास विचारतात, हा कशाला? फ्रिजसाठी. फ्रिज 65 ते 75 सेंमी खोल असतो, आणि त्याची उघडी बाजू फॅमिली रूममधून दिसणं हे पुढे सगळ्यांना खुपतं. तिथे फ्रिज नसेल तर उंच कपाट. तेही नसेल तर तो तुकडा चिमणीच्या नळीला किंवा स्विचबोर्डाला आधार देतो. पूर्ण उघडलेल्या भिंतीत स्विच कुठे लावायचे, हा प्रश्न काम संपत आल्यावर निघतो आणि मग ते भलत्याच कोपऱ्यात जातात. मधला 35 सेंमीचा खांब मात्र दोन वेगळ्या लिंटेलांसाठी अपुरा आहे. दोघांची टोकं त्यावर टेकली की त्यात काही उरत नाही. दार आणि खिडकी दोन्हींवरून जाणारं एकच सलग लिंटेल घाला.

उजेडाचा हिशेब असा असतो की खिडकीतला दिवसाचा उजेड खोलीत साधारण खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत उपयोगाचा राहतो. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या खिडकीची वरची कड 210 वर असेल तर उजेड चार-पाच मीटर आत पोचतो. म्हणजे तीन मीटर खोल स्वयंपाकघर ओलांडून फॅमिली रूममध्ये दीड-दोन मीटर. पण त्यासाठी दोन्ही खिडक्या समोरासमोर हव्यात. नवी खिडकी जुन्या खिडकीच्या रेषेत सरकवायला 20-30 सेंमी इकडेतिकडे करावं लागलं तरी करा. भिंतीच्या बरोबर मध्यावर आणण्याच्या नादात उजेड घालवू नका.

आकाराकडे येऊ. कमान सगळ्यांना आवडते, पण अर्धवर्तुळ काढण्याआधी आकडा बघा. 155 सेंमी रुंदीच्या अर्धवर्तुळाची त्रिज्या 77.5. माथा 210 वर धरला तर कमान 132 वरच सुरू होते, म्हणजे कडेपासून जेमतेम 25 सेंमी सरळ बाजू. दिसायला ते भट्टीचं तोंड होतं. दाराला तर अर्धवर्तुळ त्रासच देतं: 100 सेंमीच्या दारात ते 160 वर वळायला लागतं आणि उंच माणूस कडेने जाताना डोकं झुकवतो. चपटी कमान घ्या. 155 ला 18 सेंमी उठाव पुरे. गवंड्याला सांगायचं तर 176 सेंमीची दोरी मधोमध खाली खिळ्याला बांधून वर कंस ओढायचा, झालं.

कमान करण्याआधी हेही ठरवा की पुढेमागे काच बसवायची आहे का. सरळ माथ्याच्या चौकटीत काच केव्हाही बसते. कमानीत सरकती काच बसवायला ती भिंतीच्या बाहेरून लोंबकळती घ्यावी लागते आणि मग कमान त्या बाजूने झाकली जाते. तुमच्या घरात वासाला विरोध करणारं कुणी आहे, म्हणून माझा कल सरळ माथ्याकडे आहे.

काच कशासाठी, हेही नीट समजून घ्या. वासासाठी ती बरी, आवाजासाठी तिचा उपयोग समजतो त्याहून कमी. 40 डेसिबल आवाज अडवणाऱ्या भिंतीत क्षेत्रफळाच्या फक्त 1 टक्का फट राहिली की ती भिंत 20 डेसिबलच अडवते. सरकत्या दाराच्या भोवती फटी असतातच, वरून लोंबकळणाऱ्या दाराला तर खालीही. त्यामुळे "काच लावली की टीव्ही नीट ऐकू येईल" अशी आशा धरू नका. चिमणी कमी आवाजाची घेणं आणि फॅमिली रूममध्ये गालिचा, पडदे, कापडी सोफा असणं याने जास्त फरक पडतो.

खिडकीला दोन किंवा तीन पल्ल्यांची सरकती काच, रूळ कडेच्या दगडात खोवलेला, म्हणजे पुसताना अडत नाही. ओरखड्यासारख्या उभ्या रेघांची काच घेतली तर बंद असताना पसारा धूसर दिसतो आणि उजेड येतच राहतो. माप चौकट बसल्यावर घ्या, गवंड्याच्या अंदाजाने देऊ नका, कारण टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की अर्धा सेंमीसुद्धा कापता येत नाही. दाराला भिंतीत शिरणारा पल्ला हवा असेल तर शेजारी पल्ल्याएवढी पोकळ भिंत लागते, आणि तुमच्याकडे तिथे 35 सेंमीच आहे. ते सोडूनच द्या. साधं बाहेरून सरकणारं दार चालेल, फक्त उघडं असताना ते खिडकीचा काही भाग झाकेल. किंवा दारच नको: स्वयंपाकघर खरोखर बंद करायची वेळ आठवड्यात किती येते ते मोजून बघा. नियमांनी बंधन घातलं असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

ही भिंत अर्धवट उघडी ठेवायची कल्पना नवी नाही. 1926 मध्ये ऑस्ट्रियन वास्तुकार मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या घरकुलांसाठी सुमारे 1.9 बाय 3.4 मीटरचं स्वयंपाकघर आखलं, त्याला बैठकीच्या खोलीकडे सरकतं दार होतं. हवं तेव्हा नजर ठेवता यावी आणि हवं तेव्हा वास अडवता यावा, हाच तेव्हाचाही पेच. फ्रान्समधल्या मार्सेयला वास्तुकार ल कॉर्बुझिये यांची मोठी निवासी इमारत 1952 मध्ये पूर्ण झाली, तिच्यात डिझायनर शार्लोत पेरियां यांनी आखलेल्या स्वयंपाकघरात भिंतीच्या जागी कमी उंचीचं कपाट आहे, ते दोन्ही बाजूंनी उघडतं आणि त्याच्यावरून पलीकडे वस्तू देता येतात. हे दोन्हीकडून उघडणारं कपाट मला अजूनही सगळ्यात हुशार वाटतं. तुमच्या खिडकीच्या कडेखाली, फॅमिली रूमच्या बाजूने 20-25 सेंमी खोल फळ्या करता येतील: पुस्तकं, खेळ, चार्जर. पडदीची पाठ मोकळी सोडली तर ती बुटांचे ठसे आणि क्रेयॉनच्या रेघोट्यांनी भरते, हा अनुभव.

कडेवर बसायची सोय करायची का? 107 सेंमीच्या कडेला 75-78 उंचीचं स्टूल लागतं, म्हणजे मांडीसाठी 25-30 सेंमी उरतात. गुडघ्यांसाठी कड 30 सेंमी पुढे यायला हवी. माणशी 60 सेंमी, म्हणजे 155 मध्ये दोघं आरामात, तिसऱ्याचं कोपर दुसऱ्याच्या ताटात. बसलेल्याच्या मागून जायला 90 सेंमी वाट हवी. दगड 25 सेंमीच्या पुढे अधांतरी आणायचा असेल तर खाली लोखंडी कंस लावा. लोक त्यावर हात टेकून उठतात, मुलं त्यावर चढतात. खरं सांगू का, मी केलेल्या निम्म्या घरांत ती उंच स्टुलं वर्षभरात जॅकेट आणि दप्तरं टांगायच्या कामी लागली. मागे ऐसपैस वाट नसेल तर बसायची हौस सोडा आणि कड 25-30 सेंमी रुंद, दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. पलीकडे वस्तू सरकवायला ती पुरते, आणि बसायच्या हौसेपेक्षा तिचा उपयोग रोज होतो.

जिथे भिंत पूर्ण खाली निघते, म्हणजे तुमच्या रुंद केलेल्या दारात, तिथे फरशीत भिंतीच्या जाडीएवढा पट्टा उघडा पडतो. दोन्ही खोल्यांच्या फरशा वेगळ्या असतात आणि पातळीही अर्धा-एक सेंमी वरखाली निघते. जुन्या फरशीशी जुळणारी फरशी शोधत फिरू नका, जुळत नाही. तिथे मुद्दाम वेगळ्या दगडाचा सलग पट्टा टाका, उंबऱ्यासारखा पण फरशीच्या पातळीला, आणि पातळीतला फरक त्यात उतरता करून संपवा. तोच दगड खिडकीच्या कडेला आणि चौकटीच्या बाजूंना घेतला तर सगळं एका हाताने केल्यासारखं दिसतं. बाहेरचे कोपरे नुसत्या गिलाव्याचे ठेवू नका, खुर्च्या आणि सायकली लागून ते उडतात. मुलांच्या डोक्याच्या उंचीला दगडाची धार गोल करून घ्या.

दिव्यांचं एकच सांगते. आता दोन्ही खोल्या एकाच नजरेत येणार, त्यामुळे एकीकडे पिवळा आणि दुसरीकडे पांढराफेक उजेड असेल तर स्वयंपाकघर दुकानासारखं दिसतं. दोन्हीकडे 3000 ते 3500 केल्विनच्या आसपास एकच छटा ठेवा. कडेवर लोंबता दिवा हवा असेल तर कडेपासून 75-80 सेंमीवर, पण खालचं टोक बसलेल्याच्या आणि उभ्याच्या नजरेच्या मधोमध येत नाही ना, हे धरून बघा. आणि सरकत्या काचेच्या वाटेत येत नाही ना, हेही. हा दिवा माझा एकदा काचेवर आपटलाय.

घरातल्यांना पटवायला आकडे पुरे पडत नाहीत, म्हणून एक प्रयोग करा. तुमच्याकडे आधीच एक उघडा भाग आहे: ते दार. त्याच्या खालच्या भागाला 107 सेंमीपर्यंत वर्तमानपत्र चिकटवा आणि दाराच्या रेषेत तीन मीटर लांब खुर्ची टाकून बसा. पलीकडे टेबल मांडून त्यावर नेहमीचा पसारा ठेवा. मग कागद 90 पर्यंत खाली करा आणि पुन्हा बसा. प्रत्येकाला बसवा, उंच-बुटक्या सगळ्यांना. कुणाची उंची काय म्हणते ते कागदावर लिहून ठेवा, नाहीतर काम सुरू झाल्यावर सगळ्यांच्या आठवणी बदलतात.

एवढं करूनही "अख्खी पाडा" म्हणणारे हटले नाहीत, तर त्यांना सांगा की आधी खिडकीच करू, पण लिंटेल आत्ताच योग्य लांबीचं आणि पुरेसं मजबूत घालू. कडेखालची पडदी ही स्वतःच्या आणि कडेच्या वजनाशिवाय काही पेलत नाही. ती कड पुढे कधीही खाली आणता येते किंवा जमिनीपर्यंत काढता येते, वरच्या कामाला हात न लावता, दोन-तीन दिवसांच्या धुळीत. पाडून टाकलेली पडदी मात्र परत बांधायची म्हटली की ओट्याचा दगड, फळ्या आणि फरशी सगळंच पुन्हा उचकटावं लागतं. फरशीच्या दगडाचे चार-सहा तुकडे जास्तीचे घेऊन माळ्यावर टाकून ठेवा.